एक फोन, पाच जणांचे कान: अभ्यासिकेतल्या जोडणीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम असं: पुण्यात नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पाच जणांना एकाच फोनवर एकच व्याख्यान एकत्र बघायचंय. स्पीकर चालणार नाही, खोलीत कुजबुजही चालत नाही. तिघांकडे वायरचे इअरफोन आहेत, दोघांकडे ब्लूटूथ बड्स. सगळ्यांना नवे, एकसारखे हेडफोन घेणं परवडणारं नाही. जे आहेत तेच एका फोनला लावायचे.

आज फक्त फोन तपासला. ३.५ मिमीचं भोक नाही, एकच यूएसबी-सी आहे. एका वेळी दोन ब्लूटूथ कानातल्यांना आवाज देण्याची सोय या फोनमध्ये नाही. सॅमसंगनं ही सोय 'ड्युअल ऑडिओ' नावानं २०१७ च्या गॅलेक्सी एस८ पासून दिली, आणि आयफोनवर २०१९ पासून अशीच सोय आहे, पण ती अ‍ॅपलच्या स्वतःच्या आणि बीट्सच्या ठरावीक कानातल्यांसाठी. आपला फोन तसा असेल आणि ऐकणारे दोघंच असतील, तर सेटिंगमध्ये बघा आणि इथंच थांबा. पुढचं काही लागणार नाही.

मित्राचा ड्युअल ऑडिओवाला फोन तासभर मागून घेतला. दोन्ही बड्स वाजले, दोघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला. मात्र वायरचा इअरफोन लावला की तो बड्सच्या जोडीनं वाजत नाही. गाण्या-व्हिडिओचा आवाज अँड्रॉइड एका वेळी एकाच वाटेनं पाठवतं: वायर तरी, नाहीतर ब्लूटूथ तरी. ड्युअल ऑडिओ म्हणजे त्या ब्लूटूथच्या वाटेलाच फुटलेला फाटा. वायर आणि ब्लूटूथ एकत्र हवं असेल तर वाटणी फोनच्या बाहेरच करावी लागते. दोन्ही एकत्र चालवण्याचा दावा करणारी तीन अ‍ॅपं टाकून बघितली. एकानंही काम केलं नाही, अडीच तास गेले.

ब्लूटूथचं नवं प्रसारण, ऑराकास्ट, याच कामासाठी बनलंय: एक फोन आणि हवे तितके ऐकणारे. पण फोन आणि कानातले दोन्ही त्या जातीचे लागतात. इथं एकही नाही.

१० जून, मंगळवार

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत पहिली खरेदी, आणि पहिली चूक. यूएसबी-सी ते ३.५ मिमीचं अ‍ॅडाप्टर १५० रुपयांना घेतलं. लावलं तर फोननं दखलच घेतली नाही. ही अ‍ॅडाप्टरं दोन जातींची असतात. एकात फक्त तारा असतात, आवाज फोननंच तयार करून यूएसबी-सीच्या पिनांवर द्यावा लागतो. काही फोन तो देतात, पुष्कळ देत नाहीत. दुसऱ्यात छोटी चिप असते, म्हणजे डॅक, आणि ती फोनकडून आकडे घेऊन आवाज बनवते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ओळखायची सोपी युक्ती: लॅपटॉपच्या टाइप-सी भोकात लावून बघा. डॅकवालं असेल तर आवाजाच्या यादीत नवं यंत्र दिसतं, तारांचं असेल तर काहीच होत नाही. दुकानात जाताना आपला फोन बरोबर न्या आणि काउंटरवरच गाणं वाजवून घ्या.

डॅकवालं ६०० ला मिळालं. लगेच चाललं. त्याबरोबर एकातून पाच वाटा काढणारा स्प्लिटर घेतला, २२० रुपये.

११ जून, बुधवार

स्प्लिटरवर आधी वायरचे तीन इअरफोन लावले. तीन वेगळ्या तक्रारी आल्या.

पहिली: एकाला शिक्षकांचा आवाजच नाही, फक्त पोकळ, लांबून आल्यासारखी घुमघुम. व्हिडिओ खराब असेल म्हणून चार व्हिडिओ बदलले. दोष ग्राउंडचा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हींच्या परतीच्या सामाईक तारेचा निघाला. पिनची ग्राउंड जोडणी तुटली की डावा आणि उजवा भाग एकमेकांतून वजा होऊन कानात पोचतात. बोलणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्यामुळे नेमका तोच नाहीसा होतो. ग्राउंड दोन कारणांनी तुटतं. एक, पिन पूर्ण आत बसलेली नसते. दोन, माइकवाल्या चार भागांच्या पिनमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागांची अदलाबदल असते. आजच्या बहुतेक फोनांची मांडणी सीटीआयए पद्धतीची आहे: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, शेवटी माइक. जुन्या ओएमटीपी मांडणीत शेवटचे दोन उलटे. हा इअरफोन जुना होता. खात्री करायची तर वायरवरचं बटण दाबून धरा: बटण माइक आणि ग्राउंड जोडतं, त्यामुळे तेवढ्यापुरता आवाज परत येतो. तसा तो आला.

दुसरी: तिसरा इअरफोन लावला की व्हिडिओ थांबतो, कधी फोनचा सहायक उघडतो. हा इअरफोन बिनमाइकचा, दोन काळ्या पट्ट्यांच्या पिनचा. चार भागांच्या भोकात ही पिन माइक आणि ग्राउंड एकत्र जोडते, आणि फोनच्या लेखी बटण दाबणं म्हणजे हेच. बाकी इअरफोनांची बटणंही सगळ्यांचा व्हिडिओ थांबवत होती.

या दोन्हींवर एकच उपाय लागू पडला. अ‍ॅडाप्टर आणि स्प्लिटरच्या मध्ये दोन काळ्या पट्ट्यांची, म्हणजे बिनमाइकची, ऑक्स केबल (दोन्ही टोकांना ३.५ मिमीची पिन) घातली. ८० रुपये. माइकचा संबंधच संपला. फोनला वाटतं साधा हेडफोन लावलाय, आणि ओएमटीपीवाल्या इअरफोनलाही ग्राउंड मिळतं. पुढच्या सगळ्या जोडणीत दोन पट्ट्यांच्याच पिना ठेवल्या.

तिसरी तक्रार आवाजाची. ती केबलनं सुटली नाही, म्हणून मोजमाप केलं. ५० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरच्या एसी रेंजवर बघितलं. (साधे मीटर ५० हर्ट्झला बरोबर दाखवतात, वरच्या सुरांवर त्यांचा भरवसा धरू नये.) काहीच लावलेलं नसताना ०.३० व्होल्ट. ३२ ओहमचा एक इअरफोन लावला की ०.२७, तीन लावले की ०.२२, पाच लावले की ०.१९. पाच इअरफोन समांतर लागले की मिळून ६.४ ओहम होतात, आणि अ‍ॅडाप्टर व स्प्लिटरच्या केसाएवढ्या तारा मिळून सुमारे ४ ओहम वाटेतच खातात. एकट्याच्या मानानं पाच जणांना सुमारे ३ डेसिबल कमी. एवढं चाललं असतं. पण आवाज वाढवला की डॅकला तितका प्रवाह देता येत नाही आणि आवाज फाटतो. शिवाय कानात घुसणारे इअरफोन मोठ्यानं वाजत होते, बाहेरून बसणारा हेडफोन हळू, आणि फोनवर आवाज कमी-जास्त करायचा खटका एकच. तिघांना तीन वेगळे आवाज हवेत, आणि साधा स्प्लिटर ते देऊ शकत नाही. तो बाजूला ठेवला.

१३ जून, शुक्रवार

चार वाटांचा हेडफोन अ‍ॅम्प आणला, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र, २,४०० रुपये. रेकॉर्डिंगच्या खोलीत वापरतात तसला: एक इनपुट, चार आउटपुट, प्रत्येकाला स्वतंत्र खटका, १२ व्होल्टचं अ‍ॅडाप्टर सोबत. या एका वस्तूनं आवाजाच्या सगळ्या तक्रारी मिटल्या. वायरचे दोनापेक्षा जास्त हेडफोन असतील तर स्प्लिटरवर पैसे घालवू नका, थेट हाच घ्या.

याची भोकं जाड पिनची, ६.३५ मिमीची. प्रत्येक इअरफोनला अ‍ॅडाप्टर लागतं, ४० रुपयांचं एक. घाईत सहा घेतली, त्यातली दोन मोनो, म्हणजे एकाच बाजूचा आवाज नेणारी निघाली. लावली तर उजवा कान गप्प. मोनोच्या जाड पिनवर एकच काळी पट्टी असते, स्टीरिओच्या पिनवर दोन. ८० रुपये गेले. इनपुटसाठी ३.५ ते ६.३५ स्टीरिओ केबल, २०० रुपये.

खटके लावायचा क्रम: आधी चारही शून्यावर, फोनचा आवाज ७५ टक्क्यांच्या आसपास, मग प्रत्येकानं स्वतःचा खटका हळूहळू वर न्यायचा. फोन पूर्ण वर नेऊन अ‍ॅम्प खाली ठेवला तर फाटलेलाच आवाज सगळ्यांना मिळतो. फोन खूप खाली आणि अ‍ॅम्प पूर्ण वर असेल तर सूंऽऽ असा आवाज मिसळतो.

काही जुनी व्याख्यानं एकाच कानात येत होती. ती जोडणीची चूक नाही, ध्वनिमुद्रणच तसं आहे. सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू केलं, म्हणजे दोन्ही कानांना सारखाच आवाज मिळतो.

१५ जून, रविवार

आता दोन बड्स. अ‍ॅम्पचं चौथं आउटपुट ब्लूटूथ ट्रान्समीटरला, म्हणजे वायरीतला आवाज ब्लूटूथनं पाठवणाऱ्या यंत्राला दिलं. ट्रान्समीटर एकाच वेळी दोघांना जोडणारा घ्यायचा. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. १,४५० रुपये. एकालाच जोडणारे निम्म्या किमतीत मिळतात, ते या जागी नकोत.

जोडायला पाऊण तास लागला, खरं तर पाच मिनिटांचं काम. चूक ही झाली की दोन्ही बड्स एकदम पेअरिंगला लावले. योग्य क्रम: बड्सच्या मालकांच्या फोनांचं ब्लूटूथ बंद. पहिली जोडी ट्रान्समीटरला पेअर करा, आवाज आला का बघा. मग ट्रान्समीटर पुन्हा पेअरिंगला टाकून दुसरी जोडी. मग तिन्ही बंद करून एकदा चालू करा, म्हणजे पुढच्या वेळी आपोआप जुळतात.

मालकाच्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवणं हा कायमचा नियम समजा. दोन यंत्रांशी एकदम जुळणारे बड्स, मालकाच्या फोनवर कॉल वाजला की व्याख्यान सोडून तिकडे जातात.

एका बड्समध्ये दर मिनिटाला आवाज तुटत होता. बॅटरी, बड्स, ट्रान्समीटर असं सगळं आलटूनपालटून पाहिलं. शेवटी लक्षात आलं की ट्रान्समीटर वाय-फायच्या राउटरखाली, हातभर अंतरावर ठेवला होता. दोघंही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. ट्रान्समीटर मेजाच्या मध्यावर, राउटरपासून अडीच मीटर लांब आणि सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर ठेवला. तुटणं थांबलं. दप्तरात किंवा मांडीवर ठेवू नका, माणसाचं शरीरही हे तरंग शोषतं.

ट्रान्समीटरला जाणारा अ‍ॅम्पचा खटका निम्म्याखाली ठेवा. त्याहून वर नेला की बड्समध्ये फाटलेलं ऐकू येतं आणि बड्सवर आवाज कमी केला तरी ते फाटलेलंच राहतं.

पाच जणांना आवाज पोचला. अर्ध्या तासानं नवी तक्रार: बड्सवाल्या दोघांना ओठ आधी हलताना दिसतात, शब्द नंतर येतात.

१७ जून, मंगळवार

उशीर मोजला. पडदा चमकतो त्याच क्षणी टिक वाजते असा चाचणी-व्हिडिओ लावला, बड दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवला आणि पडदा व आवाज एकत्र चित्रित केले, सेकंदाला ६० फ्रेमनं. संगणकावर चमक आणि टिक यांच्यातल्या फ्रेम मोजल्या. एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. बड्सना १३ फ्रेम, म्हणजे २१७ मिलिसेकंद उशीर. वायरला फारतर एक.

फोनलाच थेट बड्स जोडले होते तेव्हा हा त्रास नव्हता, त्याचं कारण समजून घ्यायला हवं. थेट ब्लूटूथ असेल तेव्हा प्लेअर उशीर धरून चित्र तेवढं मागे ठेवतो. इथं फोनला फक्त वायर दिसते. पुढे ट्रान्समीटर बसलाय हे त्याला माहीतच नाही.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ऑडिओ डिले' ही सोय आहे. उणे आकडा दिला की आवाज चित्राच्या आधी निघतो. पण तो सगळ्यांचाच आधी निघतो. उणे २०० दिलं तर बड्स जुळतात आणि वायरवाल्यांना शब्द आधी, हात नंतर. मधला आकडा काढून बघितला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवतो, मागे पडला तर मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही. उणे ९० ठेवलं: बड्स १२७ मागे, वायर सुमारे ९० पुढे. बड्सवाले खूश, वायरवाले तिघंही वैतागले. नकाशावर बोट पडायच्या आधीच नदीचं नाव ऐकू येतं, हे अभ्यासाला चालत नाही.

कमी उशिराचे ट्रान्समीटरही येतात. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी या ब्लूटूथच्या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, पण कानातल्यांनाही तीच पद्धत यायला लागते, आणि हे दोन्ही बड्स एसबीसी या साध्या पद्धतीचे. बड्सऐवजी कानावर बसणारे ब्लूटूथ हेडफोन असतील तर आधी त्यांना ३.५ मिमीचं भोक आहे का पाहा. पुष्कळांना असतं. शंभर रुपयांची केबल लावली की ब्लूटूथचा सगळा खटाटोप वाचतो.

१८ जून, बुधवार

फोनची बॅटरी पुरत नाही, म्हणून चार्जिंगचं भोक असलेलं डॅक-अ‍ॅडाप्टर एकाकडून आणून लावलं. चार्जर लावताच सगळ्यांच्या कानात घुंऽऽ. चार्जर आणि अ‍ॅम्पचं अ‍ॅडाप्टर, दोन्ही भिंतीच्या विजेवर. दोघांच्या ग्राउंडमधून वेटोळं तयार झालं. फोन पॉवर बँकेवर घेतला की आवाज गायब. कायमचा इलाज म्हणून हे वेटोळं तोडणारा, २८० रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर घेतला. घुंऽऽ गेलं, पण जाड स्वर थोडे पातळ झाले. बोलण्याला चालतं.

२० आणि २१ जून, शुक्रवार-शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. पेठांतले रस्ते बंद, गर्दी अफाट, गल्लीत जाऊन काही आणणं शक्य नाही. दोन दिवस कागदावर मांडणी केली, आणि खरा मार्ग तिथंच सापडला.

बड्सचा उशीर कमी होत नसेल तर वायरवाल्यांना तेवढाच उशीर द्यायचा. अ‍ॅम्पच्या आधी ब्लूटूथचा एक टप्पा घालायचा: ट्रान्समीटर, मग तो आवाज परत वायरीत आणणारा रिसीव्हर, मग अ‍ॅम्प. मग पाचही जण जवळपास सारखेच मागे पडतात आणि व्हीएलसीचा एक आकडा सगळ्यांना लागू होतो. दोन जणांच्या कानांत आपापसात थोडा फरक राहिला तर बिघडत नाही. प्रत्येकजण आपलाच आवाज ऐकतो, जुळायला हवं ते फक्त पडद्याशी.

२४ जून, मंगळवार

ट्रान्समीटर-रिसीव्हर दोन्ही होणाऱ्या दोन डब्या आणल्या, ७५० ची एक. दोन पट्ट्यांच्या पिनचा वाय-स्प्लिटर, ९० रुपये.

नवी मांडणी: फोन, डॅक, ऑक्स केबल, वाय-स्प्लिटर. एका फाट्यावर जुना ट्रान्समीटर, त्यातून दोन बड्स. दुसऱ्या फाट्यावर पहिली डबी प्रसारणाला लावलेली, दुसरी डबी ग्रहणाला, तिची वायर अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पवर तीन इअरफोन. चौथं आउटपुट मोकळं राहिलं, म्हणजे आणखी एक वायरवाला बसू शकतो.

स्प्लिटर बाजूला ठेवला होता आणि आता पुन्हा स्प्लिटर कसा, असं वाटेल. इअरफोन ३२ ओहमचा असतो, ट्रान्समीटरचं इनपुट हजारो ओहमचं. ते डॅककडून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. दोन्ही फाटे लावून मोजलं, व्होल्टेज हललं नाही. मात्र याचा उलटा वापर, म्हणजे दोन आउटपुटं एका इनपुटला वाय-स्प्लिटरनं जोडणं, कधीही करू नये. एक आउटपुट दुसऱ्यावर भार होऊन बसतं.

डब्या जोडताना अर्धा तास गेला: जवळच्या बड्सनीच प्रसारणाच्या डबीला धरलं. बड्स त्यांच्या चार्जिंगच्या केसमध्ये बंद ठेवून आधी या दोन डब्यांची जोडी लावा.

पुन्हा मोजलं. बड्स १३ फ्रेम, वायरवाले ११, म्हणजे १८३ मिलिसेकंद. व्हीएलसीत उणे २०० ठेवलं. बड्स १७ मिलिसेकंद मागे, वायर १७ पुढे. दोन्ही जाणवण्याच्या पातळीच्या खूप आत. पाचही जणांनी दीड तासाचं भूगोलाचं व्याख्यान बघितलं, एकही तक्रार नाही.

न मागता एक फायदा झाला. फोन आणि अ‍ॅम्पच्या मध्ये आता वायरच नाही, त्यामुळे ग्राउंडचं वेटोळंही नाही. फोन चार्जरवर लावला तरी घुंऽऽ येत नाही. आयसोलेटर काढून टाकला, जाड स्वर परत आले.

आजवरचा खर्च ७,३९० रुपये, उद्या आणायची १८० ची पॉवर बँकेची केबल धरून. त्यातले ७३० वाया: तारांचं अ‍ॅडाप्टर, पाच वाटांचा स्प्लिटर, दोन मोनो पिना, आयसोलेटर.

२६ जून, गुरुवार

गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज बंद. अ‍ॅम्प पॉवर बँकेवर चालवला: राउटरसाठी मिळते ती ५ व्होल्टचे १२ करणारी केबल. लावण्याआधी अ‍ॅम्पच्या अ‍ॅडाप्टरवर डीसी लिहिलंय का आणि मधल्या पिनची खूण अधिक आहे का उणे, हे केबलशी ताडून बघा. उलटं लागलं तर अ‍ॅम्प जळू शकतो.

चालला, पण बारीक शिट्टीसारखा आवाज. ग्रहणाची डबीही त्याच पॉवर बँकेवर चार्जिंगला होती. ती काढून तिच्या स्वतःच्या बॅटरीवर ठेवली, शिट्टी गेली. डब्या आणि ट्रान्समीटर रात्रीच चार्ज करून ठेवायचे असं ठरलं.

२९ जून, रविवार

थेट प्रक्षेपणाचं व्याख्यान लावून बघितलं. तिथल्या प्लेअरमध्ये आवाज पुढे-मागे करायची सोय नाही, त्यामुळे पाचही जण २०० मिलिसेकंद मागे. ही मांडणी उतरवून ठेवलेल्या व्हिडिओंसाठीच आहे. थेट असेल तेव्हा डब्या काढून डॅकपासून १३ जूनची इनपुटची केबल सरळ अ‍ॅम्पला लावायची, आणि बड्सवाल्यांनी चौथ्या आउटपुटवर उसना वायरचा इअरफोन घ्यायचा. दुसऱ्यासाठी ११ जूनचा स्प्लिटर कपाटातून काढून एका आउटपुटला लावला. अ‍ॅम्पच्या ताकदीवर दोन इअरफोन आरामात वाजतात, फक्त खटका दोघांचा एक.

फोनचं चित्र मोठ्या पडद्यावर बिनतारी पाठवून बघितलं. पडदा स्वतःचा वेगळा उशीर आणतो, आणि तो दर वेळी बदलतो. सोडून दिलं. फोन पुस्तकाच्या स्टँडवर, पाच जण अर्धगोलात, हेच बरं.

प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहिलं: 'फोन', 'बड्स', 'डबी १', 'डबी २', 'अ‍ॅम्प आत'. चालू करायचा क्रम अ‍ॅम्पच्या झाकणावर चिकटवला: दोन्ही डब्या, मग ट्रान्समीटर, मग बड्स, मग अ‍ॅम्प, शेवटी फोन. आज जोडणी लावायला चार मिनिटं लागली.